सिमेंट, सळई आणि दोर

आधुनिक शिल्प मुलांना कळत नाही, असं मी शिक्षकांच्या बैठकांमध्ये नेहमी ऐकते. नाक-डोळे असलेला पुतळा कळतो, पण लोखंडाच्या पट्ट्या जोडून केलेलं काहीतरी समोर ठेवलं की मुलं गोंधळतात, असं म्हणतात. माझा अनुभव नेमका उलटा आहे. गोंधळतात ती मोठी माणसं. मुलं, निदान माझ्या शाळेतली मुलं, अशा शिल्पासमोर लवकर बोलती होतात, कारण ते ज्या सामानातून केलेलं असतं ते त्यांच्या घरचं असतं.

मी अलिबाग तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत चित्रकला शिकवते. माझ्या वर्गात कोळ्यांची मुलं आहेत, आगऱ्यांची आहेत, डोंगरालगतच्या वाड्यांवरून चालत येणारी आदिवासी मुलं आहेत. गेल्या काही वर्षांत या भागात बंगले आणि फार्महाउसं इतकी उभी राहिली की निम्म्या घरातली माणसं बांधकामावर जातात. कुणाचे वडील गवंडी, कुणाचे सेंट्रिंगच्या कामावर, कुणाचं ग्रिल-गेटचं फॅब्रिकेशनचं दुकान, कुणाची होडी. या मुलांनी संगमरवर फक्त देवळाच्या फरशीत पाहिलेला असतो. सिमेंट, सळई, पत्रा आणि दोर मात्र ती जन्मापासून पाहतात. विसाव्या शतकातल्या शिल्पकारांनी दगड आणि ब्राँझच्या बरोबरीने हेच सामान हाती घेतलं. म्हणून मला वाटतं, हे शिल्प आधी यांचं आहे, मग इतरांचं.

पण ते त्यांच्यापर्यंत पोचायचं कसं? आमच्या विषयाचा सगळा जोर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांवर. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे पालकही या परीक्षांबाबत जागरूक असतात. त्यात शिल्पाला जागा नाही. पुस्तकात असतो तो एका बाजूने काढलेला लहानसा फोटो. आणि शिल्पाची तर पहिली अटच ही की त्याच्याभोवती फिरायला हवं. पाठीमागून ते वेगळं असतं, खाली बसून पाहिलं तर आणखी वेगळं. फोटोवरून शिल्प शिकवणं म्हणजे पाटीवर पोहायला शिकवणं आहे.

आमचं भाग्य असं की एक मोठा शिल्पकार आमच्याच तालुक्यातला. विनायक पांडुरंग करमरकर १८९१ साली सासवण्याला जन्मले. गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेली चित्रं तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडली आणि त्यांनी या मुलाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये धाडलं. पुढे करमरकर कलकत्त्याला गेले, लंडनला शिकले. पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला शिवाजी महाराजांचा १९२८ सालचा अश्वारूढ पुतळा त्यांचा. एवढा मोठा पुतळा माझगाव डॉकमध्ये ओतला गेला. शेवटी ते आपल्या गावी येऊन राहिले, आणि ते घर आज त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे. मांडव्याच्या धक्क्यापासून जवळ. मुंबईहून बंगल्यावर येणारे शेकडो लोक त्यावरून गाडी काढत निघून जातात.

सासवण्याला मुलांना नेलं की माझा एक नियम असतो. आधी प्रदक्षिणा, मग बोलणं. शिल्पाला पूर्ण फेरी मारल्याशिवाय कुणी काही विचारायचं नाही, मीही काही सांगायचं नाही. दुसरी गोष्ट, जे शिल्प आवडलं त्याच्यासारखं उभं राहून बघायचं. भार कुठल्या पायावर आहे, खांदा कुठला उतरलाय, मान किती वळलीय, हे अंगाला कळतं. ‘शंखध्वनी’समोर मुलं शंख फुंकण्याचा आव आणून उभी राहतात आणि त्यांना लगेच उमगतं की हा श्वास ओठांतून येत नाही, पोटातून येतो. मग ती पुन्हा शिल्पाकडे बघतात. ते दुसरं बघणं मला हवं असतं.

अंगणात सिमेंटची म्हैस आहे. घरी जनावरं असलेली मुलं तिच्याभोवती तपासनिसासारखी फिरतात. कान बरोबर आहेत का, मानेखालची कातडी कशी लोंबते, डोळा कुठे बघतोय. एका वर्षी आठवीतल्या एका मुलाने बराच वेळ निरखून निर्णय दिला, “बाई, याने म्हैस पाळलेली असणार.” करमरकरांनी म्हैस पाळली होती की नाही, मला माहीत नव्हतं. पण मुलाने शिल्पकाराच्या नजरेची पारख केली होती, आणि तीही स्वतःच्या अनुभवाच्या बळावर. कुठल्याही परीक्षेत याला गुण नाहीत.

त्याच सहलीला सोबत म्हणून एक पालक आले होते. व्यवसायाने गवंडी. सहलीला दोन पालक हवेत असा शाळेचा नियम, आणि त्या दिवशी त्यांचं काम बंद होतं, म्हणून आले. सुरुवातीला ते फाटकापाशीच उभे राहिले. मुलं आत गेल्यावर हळूहळू आले आणि एका सिमेंटच्या पुतळ्यासमोर थांबले. हात मागे बांधून, पुढे वाकून त्याचा पृष्ठभाग बघत राहिले. मी विचारलं, काय बघताय? म्हणाले, “बाई, हा साच्यातला वाटत नाही मला. हाताने चढवलेला वाटतो. बघा ना, थापीची खूण.” मग त्यांनी बोट न लावता, हवेतच हात फिरवून दाखवलं की माल खालून वर कसा ओढला असेल.

मुलं गोळा झाली. आणि पुढचा अर्धा तास वर्ग त्यांनी घेतला. आत सळईचा सांगाडा असणार, त्यावर जाळी किंवा तार, नाहीतर एवढा हात अधांतरी राहायचा नाही. माल कालवला की घाई सुरू होते, तासाभरात तो संपवावा लागतो, नंतर तो हात ऐकत नाही. ओला असताना जो आकार दिला तोच राहतो. वाळला की छिन्नी. आणि काम झालं की लगेच सोडून जायचं नाही, दिवसच्या दिवस पाणी मारायचं, नाहीतर तडे जातात. एका मुलीने विचारलं, मग चेहरा करताना चुकलं तर? ते म्हणाले, “चुकलं कळायला आधी चेहरा डोक्यात पाहिजे.” मी कलाशिक्षणावरची बरीच पुस्तकं वाचली आहेत. साधन आणि कल्पना यांचं नातं इतक्या कमी शब्दांत सांगितलेलं मला त्यांत सापडलं नाही.

परत आल्यावर मी मुलांना रामकिंकर बैज यांच्या ‘संथाळ कुटुंब’ या शिल्पाचे फोटो दाखवले. शक्य तितक्या बाजूंनी काढलेले. १९३८ साली शांतिनिकेतनच्या मोकळ्या आवारात केलेलं हे शिल्प. बिऱ्हाड पाठीवर घेऊन कामाच्या शोधात निघालेली माणसं: खांद्यावर कावड घेतलेला बाप, कावडीच्या एका बाजूला बसलेलं मूल, सोबत बाई आणि कुत्रा. लोखंडी सांगाड्यावर सिमेंट आणि तिथल्या तांबड्या मातीतले खडे यांचा माल थापून रामकिंकरांनी ते उभं केलं. ब्राँझसाठी पैसा नव्हता, हे एक कारण. पण मला ते पुरेसं वाटत नाही. त्या माणसांच्या अंगावरची धूळ आणि शिल्पाचा खडबडीतपणा एकाच मातीचा आहे. गुळगुळीत ब्राँझमध्ये ही माणसं परकी झाली असती.

मुलांना हे समजावून सांगावं लागलं नाही. गवंड्याचा मुलगा म्हणाला, “बाबा भिंतीला पहिला हात असाच मारतात, फेकून. मग तो धरतो.” आणि वाडीवरच्या एका मुलीने फोटोतल्या कावडीवर बोट ठेवून सांगितलं की त्यांच्या शेजारचे वीटभट्टीवर जातात तेव्हा असेच निघतात, कुत्रा मागे मागे येतो, त्याला कितीही हाकललं तरी. वर्ग शांत झाला. ती मुलगी एरवी माझ्या तासाला फारसं बोलत नसे.

मुंबईची सहल ही मोठी गोष्ट. मांडव्याहून लाँचने गेट वे. पावसाळ्यात लाँच बंद, परीक्षा जवळ आल्या की मुख्याध्यापकांची परवानगी बंद, म्हणजे उरतात डिसेंबर-जानेवारीचे थोडे दिवस. त्यातही सोमवारी राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाला सुट्टी. संमतीपत्रं, विमा, डबे, बोटीत लागणारी मुलं. आणि दर वर्षी कुणीतरी सुचवतंच की वॉटर पार्कला नेऊ, मुलं खूश होतील. मुलं खूश होतील हे खरं. पण तिथे त्यांना पुढेही कुणीतरी नेईल. संग्रहालयात शाळेने नेलं नाही तर बहुतेकांना कुणीच नेणार नाही.

लाँचमधून उतरलं की पहिलं शिल्प समोरच असतं. भाऊ साठे यांचा १९६१ सालचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा. तिथे आम्ही करमरकरांच्या पुण्यातल्या घोड्याचा सोबत आणलेला फोटो बाहेर काढून दोन्ही घोडे ताडून बघतो. मग चालत फोर्टकडे. महात्मा गांधी रस्त्यावरच्या न्यू इंडिया अॅश्युरन्सच्या इमारतीवर ना. ग. पानसरे यांनी केलेली उंचच उंच माणसं आहेत. १९३०च्या दशकातली ही इमारत. शेतकरी, कुंभार, सूत कातणाऱ्या बाया. विमा कंपनीच्या दारावर राजे नाहीत, देव नाहीत, राबणारी माणसं आहेत. त्यासाठी तिकीट लागत नाही, फक्त फुटपाथवर थांबून मान वर करावी लागते. इतक्या वर्षांत तिथे थांबलेलं माणूस मी क्वचितच पाहिलं. आमची मुलं रांगेने उभी राहून वर बघायला लागली की मात्र येणारे-जाणारेही वर बघतात.

या पानसऱ्यांकडेच अदी दाविएरवाला शिकले, आणि दाविएरवाला पुढे लाकूड आणि धातूच्या अमूर्त रचनांकडे गेले. गुरूच्या हातची नांगर-चाकवाली माणसं आणि शिष्याच्या हातचे नुसते आकार, यांत अंतर जेमतेम एका पिढीचं. मुलांनी रस्त्यावर पानसरे पाहून मग संग्रहालयात दाविएरवाला पाहिले की त्यांना अमूर्त शिल्प आकाशातून पडल्यासारखं वाटत नाही. एक माणूस दुसऱ्याकडे शिकला, मग त्याने पुढचं पाऊल टाकलं, इतकं ते सरळ होतं. या क्रमाने नेण्यावर मी म्हणूनच अडून बसते.

आधुनिक कला संग्रहालय आहे सर कावसजी जहांगीर सभागृहाच्या जुन्या, १९११ सालच्या इमारतीत. १९९६ पासून ते कलेसाठी खुलं झालं. एकेकाळी तिथे सभा आणि मैफली व्हायच्या. त्या जागेचं संग्रहालय व्हावं म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांत शिल्पकार पिलू पोचखानवाला होत्या. संग्रहालय सुरू होण्याच्या दहा वर्षं आधीच, १९८६ साली, त्या गेल्या. हे मी मुलांना जिन्यात सांगते, कारण आपण ज्या दारातून आत आलो ते कुणीतरी उघडून घेतलेलं आहे, हे त्यांना कळायला हवं. तिथली मांडणी बदलत असते, तेव्हा जाण्याआधी फोन करून चौकशी करावी. आम्ही गेलो त्या वर्षी धातूची काही शिल्पं मांडलेली होती.

त्यातल्या एका जोडकामाच्या शिल्पासमोर नववीतली एक मुलगी खिळून राहिली. लोखंडी पट्ट्या, पत्र्याचे कापलेले तुकडे, यंत्राचे भाग असावेत असे काही गोल. बाकीची मुलं हा पक्षी की माणूस यावर वाद घालत होती. ती मात्र सांधे बघत होती. खाली बसली, मागे गेली, पुन्हा पुढे आली. मग मला बोलावून म्हणाली, “बाई, टाका लपवलेला नाही.” तिच्या वडिलांचं ग्रिलचं दुकान आहे. ती सांगू लागली की वेल्डिंग झालं की बाबा त्यावर ग्राइंडर मारतात, मग लांबी भरतात, मग रंग. गिऱ्हाइकाला जोड दिसता कामा नये. जोड दिसला तर काम कच्चं म्हणतात. “इथे सगळे टाके तसेच ठेवलेत. म्हणजे त्यांना दाखवायचं होतं की हे तुकडे आहेत आणि कुणीतरी जोडलेत.”

मी त्यावर काही बोलले नाही. बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. जुळणीतून घडवलेल्या शिल्पावर मी एक तास तयारी करून गेले होते. ती तयारी बाजूला ठेवून मी तिलाच इतरांना सांगायला लावलं, आणि मग पक्षी की माणूस हा वाद आपोआप मागे पडला. मुलं मोजायला लागली की कुठला तुकडा आधी जोडला असेल, कुठला नंतर, आणि मधली रिकामी जागा मुद्दाम सोडलीय का. मधली रिकामी जागा! अमूर्त शिल्प पाहताना ज्या गोष्टीकडे प्रौढ प्रेक्षकांचं लक्ष वेधायला जाणकारांना लेख लिहावे लागतात, तिथे ही मुलं स्वतःहून पोचली.

याच्या उलट अनुभवही आहेत. एका दुसऱ्या ठिकाणी माहिती सांगणाऱ्या व्यक्तीने मुलांना एका जागी बसवून शैलींची आणि चळवळींची नावं पाऊण तास ऐकवली, आणि शेवटी शिल्पं बघायला दहा मिनिटं दिली. मुलांनी नावं वहीत लिहिली आणि शिल्पांसमोरून पळत गेली. याचा मला राग येतो. एवढं अंतर कापून, पोटात ढवळत बोटीतून आलेल्या मुलांना जे घरी मिळणार नाही ते म्हणजे प्रत्यक्ष वस्तू. चळवळींची नावं पुढच्या आयुष्यात केव्हाही वाचता येतात.

“हात लावू नये” ही पाटी मुलांना खुपते. मी तिचं कारण सांगते, नुसतं दटावत नाही. हाताला घाम असतो, घामात मीठ आणि तेल असतं, त्याने धातू डागाळतो, दगड काळा पडतो. समुद्रकाठच्या मुलांना मीठ लोखंडाचं काय करतं हे वेगळं शिकवावं लागत नाही. पण हाताची भूक राहतेच. म्हणून सहलीनंतरचे तास मी मातीला, तारेला आणि सिमेंटला देते. हात लावायला मिळाला नाही त्याची भरपाई शाळेत झालीच पाहिजे, नाहीतर सहल अर्धी राहते.

एका वर्षी आम्ही वर्गात कोर्ट भरवलं. गोष्ट खरी आहे. १९२६ साली ब्रांकुसी या शिल्पकाराचा ‘अवकाशातला पक्षी’ पॅरिसहून न्यूयॉर्कला पोचला. चकचकीत घासलेल्या ब्राँझचा उंच, निमुळता आकार. ना पंख, ना चोच. कलाकृतीवर जकात नव्हती, पण कस्टमच्या अधिकाऱ्यांनी याला शिल्प मानलं नाही. त्यांनी त्याला स्वयंपाकघरातली भांडी आणि इस्पितळातलं सामान यांच्या वर्गात घातलं आणि ४० टक्के जकात लावली. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९२८ साली निकाल लागला की ही कलाकृतीच आहे. याच ‘पक्ष्या’च्या आवृत्त्या पुढे इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांनी विकत घेतल्या, आणि त्यांच्यासाठी इंदूरला एक मंदिर बांधायचं म्हणून ब्रांकुसी भारतात आलाही होता. ते मंदिर बांधलं गेलं नाही.

निकाल मी मुलांना आधी सांगितला नाही. अर्धा वर्ग कस्टमचा, अर्धा ब्रांकुसीचा. कस्टमची बाजू जोरदार होती: पंख नाहीत, पक्षी कसा? शिवाय असं घासून चकचकीत करणं कुणालाही जमेल, आमच्या गावातला बफवालाही करेल. यावर ब्रांकुसीच्या बाजूने तीच टाक्याकडे बघणारी मुलगी उभी राहिली. म्हणाली, “घासता येईल. पण कुठे थांबायचं ते बफवाल्याला कोण सांगणार?” खऱ्या खटल्यातही साक्षीला आलेल्या शिल्पकार एपस्टाइनला जवळपास हाच प्रश्न घातला गेला होता, की एखादा कारागीर हे करू शकणार नाही का. त्याचं उत्तरही याच अंगाने गेलं होतं: कारागीर घासू शकेल, त्याची कल्पना करू शकणार नाही. मी हे मुलीला नंतर सांगितलं तेव्हा तिने फक्त विचारलं, “मग जिंकले ना ते?”

दोराचं तसंच झालं. मृणालिनी मुखर्जी यांचा जन्म मुंबईचा, शिक्षण बडोद्याचं. तागाचा दोर रंगवून, हाताने गाठी मारत मारत त्या माणसाच्या उंचीची आणि त्याहून मोठी शिल्पं करायच्या. १९८४ सालची ‘यक्षी’ त्यांतलीच. आधी आराखडा नाही, माग नाही, गाठीवर गाठ. मी फोटो दाखवले तेव्हा कोळीवाड्यातली मुलं एकदम पुढे सरकली. जाळं विणणारी, फाटलेलं जाळं सांधणारी माणसं त्यांच्या ओट्यावर रोज बसलेली असतात. एका मुलाने दुसऱ्या दिवशी नायलॉनचा जुना दोर आणला आणि आजोबांनी शिकवलेली गाठ वर्गाला शिकवली. महिन्याभरात त्या दोराचा एक लोंबता, फुगीर आकार तयार झाला. मासा म्हणावा तर मासा नाही. तो आता आमच्या चित्रकलेच्या खोलीच्या खिडकीत आहे. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी विचारलं, हे काय आहे? मुलाने सांगितलं, “अजून ठरलेलं नाही, सर.” हे उत्तर मला फार मोलाचं वाटतं. ठरलेलं नसताना काम करत राहणं हे त्याला जमलं होतं.

या मुलांपैकी किती शिल्पकार होतील? बहुधा कुणी नाही. गवंड्याचा मुलगा आज आयटीआयला आहे, टाके बघणारी मुलगी बारावीला. मी त्यांना शिल्पकार करायला नेत नाही. वडिलांचं काम आणि संग्रहालयात चौथऱ्यावर ठेवलेलं काम यांत एकच हात आणि एकच सामान आहे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहावं, एवढ्यासाठी नेते. आपल्या घरच्या कामाची लाज वाटायला लागण्याचं हेच वय असतं. सासवण्याला ज्या मुलाच्या वडिलांनी अर्धा तास वर्ग घेतला, तो मुलगा त्या दिवशी परतताना त्यांच्या शेजारी बसला होता. जाताना तो एसटीत सगळ्यात मागे होता.

माझ्यासारख्या कलाशिक्षकांना माझी एक विनंती आहे. सहलीत संग्रहालय शेवटच्या अर्ध्या तासात कोंबू नका, तोवर मुलं दमलेली असतात. सगळी दालनं दाखवण्याचा हट्ट सोडा. तीन-चार शिल्पं निवडा आणि प्रत्येकाभोवती मुलांना हवं तितकं फिरू द्या. आणि सोबतीला दोन पालक घ्यायचेच असतील, तर एक गवंडी घ्या आणि एक वेल्डर. त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडते, ती सहलीच्या खर्चात धरा.